रायफल रुसली म्हणणाऱ्यांसाठी

माझ्या बोटात दोष नव्हता. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण पत्रकं वाटून वाटून मला एवढं कळलंय की माणसं पहिली ओळ वाचतात आणि उरलेल्या कागदात भजी बांधून नेतात.

परभणीच्या बाहेर, सोयाबीनच्या शेतांना लागून, आमच्या रायफल क्लबची रेंज आहे. रेंज म्हणजे काळ्या मातीचा उंच बांध, त्याच्यापुढं लाकडी चौकटीत अडकवलेली कागदी टार्गेटं, अलीकडं पत्र्याचं शेड आणि शेडला लागून रायफली ठेवायची कुलूपबंद खोली. मी चुडाव्याची. सकाळच्या गाडीनं परभणीला यायचं, स्टेशनवरून शेअर ऑटो, पुढं पायी. कॉलेज करायचं, विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायची, आणि उरलेल्या वेळात ताडपत्रीवर पालथं पडून पन्नास मीटरवरच्या काळ्या ठिपक्याकडं बघायचं. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी बंदुकीला हात लावला नव्हता. आमच्या आज्यानं बंदूक पाहिली ती दुसऱ्याच्या खांद्यावर.

क्लबचे सेक्रेटरी मोठ्या जमीनदार घरातले. सगळे त्यांना मालक म्हणायचे. शिपाई म्हणायचा, पोरांचे आईबाप म्हणायचे, क्रीडा कार्यालयातून आलेले लोकही म्हणायचे. मी सर म्हणायची. एवढ्या एका शब्दावरून त्यांनी मला पहिल्या आठवड्यात ओळखून ठेवलं, आणि मी त्यांना.

त्या वर्षी राज्य पातळीवरच्या ज्युनियर स्पर्धेसाठी जिल्ह्याच्या मुलींचा संघ निवडायचा होता. तिघींचा. ज्युनियर गटातलं ते माझं शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी वय बसणार नव्हतं. सेक्रेटरींची पुतणी होती, माझी एक मैत्रीण होती, अजून एक-दोघी होत्या. कुणाची टार्गेटं कशी पडायची ते मी सांगायची गरज नाही, ती शेडच्या भिंतीला टाचलेली असायची. माझ्या गोळ्या एकमेकींच्या अंगावर बसायच्या. पुतणीच्या जरा फिरून यायच्या. हे सेक्रेटरींनाही दिसत होतं, म्हणून ते भिंतीकडं बघत नसत.

आता दसरा. क्लबमध्ये दसऱ्याला शस्त्रपूजा होते. रायफली धुऊनपुसून सतरंजीवर मांडतात, झेंडूचे हार घालतात, हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात, मग पेढे. सगळे येतात. मी कधी जात नाही. दसऱ्याला आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. त्या दिवशी मी पांढरे कपडे घालून आईबरोबर पूर्णेच्या मिरवणुकीत असते. मी कुठं आहे हे कुणी विचारत नव्हतं, कारण सगळ्यांना माहीत होतं. माहीत असलेलं विचारायचं नाही, वेळ आली की फेकून मारायचं, ही तिथली रीत.

दसऱ्यानंतर बंद असलेली रेंज दिवाळी झाल्यावर, ट्रायलच्याच आठवड्यात उघडली आणि माझी रायफल, म्हणजे क्लबनं मला नेमून दिलेली, अडायला लागली.

मिसफायर म्हणजे काय ते ज्यांनी अनुभवलं नाही त्यांना सांगते. तुम्ही श्वास अर्धा सोडून थांबलेल्या असता. ठिपका स्थिर असतो. बोट मागं येतं आणि कानात नुसतं ‘टिक’ होतं. धक्का नाही, आवाज नाही. अशा वेळी रायफल हलवायची नाही. नळी बांधाकडंच ठेवायची आणि निमूट थांबायचं, कारण कधीकधी आतली दारू उशिरा पेटते. थांबून झालं की हात वर करायचा. मग अधिकारी येऊन बघतो. हे सगळं करता करता तुमचा श्वास, खांदा, डोकं, सगळं विस्कटून जातं. पुढची गोळी सुटली तरी तुम्ही आधीच अर्ध्या हरलेल्या असता.

संघनिवडीच्या ट्रायलच्या सकाळी थंडी होती. परभणीची थंडी बाहेरच्यांना बातम्यांत कळते, आम्हाला ताडपत्रीवर कळते. पहिल्या काही गोळ्या ठीक गेल्या. मग टिक. मी थांबले, हात वर केला. ट्रायलचे मुख्य पंच सेक्रेटरीच होते. ते आले, माझ्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, मागं ओढला, तेच काडतूस बाहेर काढून बोटांत फिरवलं, पुन्हा आत घातलं, आणि बांधाकडं धरून मारलं. धाड.

“उडाली की,” ते म्हणाले. “राऊंडला काही झालं न्हाई, रायफलीला न्हाई. बोट अर्ध्यात सोडायलीस तू.”

बोट अर्ध्यात सोडलं तर बोल्टमधली पिन काडतुसावर पडतच नाही, टिक होतच नाही. हे बंदूक हातात धरलेल्या कुणालाही कळतं. मी तसं म्हणाले. ते म्हणाले, शिकवू नको. ती गोळी माझ्या नावावर चुकलेली म्हणून धरली. पुढं पुन्हा तेच झालं. आणि पुन्हा. शेवटी मी उठले तेव्हा माझ्या कागदावर भोकांपेक्षा कोरी जागा जास्त होती.

शेडमध्ये सगळे चहा पीत होते. सेक्रेटरी खुर्चीत होते. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “दसऱ्याला पूजेला कुठं होतीस गं?”

“पूर्णेला.”

“ते म्हाईतच हाय. पण शस्त्र हाय ते, पोरी. वर्षातून एक दिवस त्याला मान लागतो. तू आली न्हाईस. आता रायफल रुसली तुझ्यावर, त्याला आमी काय करावं?”

शेड हसलं. आईबाप हसले, पुतणी हसली. माझी मैत्रीणही हसली. नंतर म्हणाली, तोंडातून निघून गेलं गं. माझ्याही तोंडातून काहीतरी निघणार होतं, पण मी ते गिळलं. संघटनेत मला एक गोष्ट शिकवलेली आहे. पुरावा हातात नसताना भांडायचं नाही, नुसते डोळे भरून बघून घ्यायचं. मी खुर्ची बघितली, चहाचा कप बघितला, आणि हसणारा प्रत्येक चेहरा बघून घेतला.

दुसऱ्या दिवशी संघ लागला. पुतणी, मैत्रीण आणि तिसरी एक. मी नाही.

रविवारी रायफली पुसायचं काम मुलींकडं असायचं. मुलं मैदान मोकळं करायची म्हणजे क्रिकेट खेळायची, मुली रायफली पुसायच्या. ह्या प्रथेवर मी आधी एक पत्रक लिहून ठेवलं होतं. त्या रविवारी ते पत्रक मी मनातल्या मनात फाडलं, कारण त्या कामामुळंच मला रायफल दिवसभर हातात मिळाली. मैत्रीण बरोबर होती.

आधी बोल्ट काढला. त्याच्या तोंडावर चिकट थर होता. वास घेतला तर खोबरेल. पूजेच्या दिवशी सगळं चकचकीत दिसावं म्हणून कुणीतरी खोबरेल चोळलं होतं, आणि परभणीच्या थंडीत खोबरेलाचं काय होतं ते सकाळी केसांना तेल लावणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. मला वाटलं सापडलं. पेट्रोलनं बोल्ट धुतला, पिन मागंपुढं सरकवून बघितली, मोकळी झाली. काडतूस जिथं बसतं ती जागा ब्रशनं साफ केली. क्लबचे शिकवणारे सर आले तेव्हा त्यांच्यासमोर मारून बघितलं.

काही गेल्या. मग टिक.

“राऊंड जुने असतील,” मैत्रीण म्हणाली. त्याच डबीतले राऊंड तिच्या रायफलीत घातले. एकही अडला नाही. म्हणजे राऊंडचा दोष नाही, तेलाचा होता तो गेला, आणि तरी रायफल अडतेय. उडालेल्या काडतुसांची रिकामी पितळी कवचं, म्हणजे केस, गोळा करून शेजारी शेजारी ठेवल्या. पॉइंट टू-टूच्या काडतुसाच्या बुडाला पातळ कड असते, आणि ठिणगी टाकणारा मसाला त्या कडेतच भरलेला असतो. पिन त्या कडेवर ठोका मारते. मैत्रिणीच्या केसवर ठोक्याचा खड्डा खोल होता. माझ्या केसवर नख ओढल्यासारखी खूण होती. काहींचं बूड जरा फुगलेलंही होतं.

तेव्हा मला हेडस्पेस हा शब्द आठवला. शिकवणाऱ्या सरांनी एकदा फळ्यावर लिहिला होता आणि सगळ्यांनी वहीत उतरवून विसरून टाकला होता. काडतुसाची कड पुढून नळीच्या तोंडाला टेकते आणि मागून बोल्ट येऊन तिला धरतो. नळीचं तोंड आणि बोल्ट यांच्यामधली ती जागा म्हणजे हेडस्पेस. कड त्यात नेमकी मावली पाहिजे. जागा जास्त झाली की काडतूस आत ढिलं बसतं, आणि पिनचा ठोका बसायच्या जागी त्याला नुसता ढकलतो. दुसऱ्यांदा मारलं की ठोका नव्या जागी पडतो, काडतूस या वेळी पुढं नीट टेकून बसलेलं असलं तर हटत नाही, म्हणून कधीकधी उडतं. सेक्रेटरींनी जे करून दाखवलं ते नेमकं हेच. त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या रायफलीचा दोष सिद्ध करून दाखवला होता आणि त्याला माझं नाव दिलं होतं.

मापायचं खरं गेज क्लबकडं नव्हतं. आम्ही रिकामी केस घेतली, तिच्या बुडाला सेलोटेपचा तुकडा लावला आणि हळूच बोल्ट बंद केला. मैत्रिणीच्या रायफलीत लगेच अडल्यासारखं लागलं. माझ्या रायफलीत टेपवर टेप चढवत गेलो तरी बोल्ट लोण्यासारखा बंद व्हायचा.

“अगं बया,” मैत्रीण म्हणाली, “यात तर अजून एक कड बसंल.”

मग मी बोल्टचा नंबर बघितला. कारखान्यात प्रत्येक बोल्ट त्याच्या त्याच्या नळीला जुळवून बसवतात आणि दोन्हीवर एकच नंबर कोरतात. एकाचा बोल्ट दुसऱ्याला घालायचा नसतो, वरून सारखे दिसले तरी. माझ्या बोल्टवरचा नंबर वाचायला डोळे ताणावे लागले नाहीत. कोरलेल्या आकड्यांत कुंकू भरून बसलं होतं. लाल आकडे, एकदम ठसठशीत. तो नंबर माझ्या नळीचा नव्हता. खोलीतल्या रायफली बघत गेलो तर पुतणीच्या रायफलीचा निघाला. आणि माझा बोल्ट तिच्या रायफलीत.

मैत्रीण पूजेला होती. मी विचारलं, पूजेत काय झालं?

“बोल्ट काढून ताटात मांडले होते. फुलांच्या मधी. पूजा झाल्यावर मालकांनीच बसवले. तो मान त्यांचाच असतो ना.” मग माझ्याकडं बघून म्हणाली, “माझं नाव मधी घेऊ नको बरं. माझ्या बापाचं वावर त्यांच्या वावराला लागून हाय.”

मी म्हणाले, नाही घेणार.

“आन मालकांना गपचूप सांग. ते बी बदलून देतील. कशाला उगं?”

उगं. ह्या शब्दानं मला जेवढं चिडवलं तेवढं रुसण्यानंही नाही. माझ्यावर हसताना सगळ्यांना बोलावून हसायचं आणि चूक दुरुस्त करताना कुलूपबंद खोलीत. हा कुठला हिशोब? मी दोन्ही बोल्ट होते तिथंच ठेवले. शिकवणाऱ्या सरांना सांगितलं की ह्या दोन रायफली सध्या कुणी मारू नयेत, केस फुटून गरम वायू तोंडावर येऊ शकतो. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणाले, संघाच्या सत्काराच्या दिवशी सांगते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि दोन्ही रायफली बाजूला ठेवल्या. त्यांचाही सेक्रेटरींच्या खुर्चीशी जुना हिशोब बाकी होता असं दिसलं.

घरी पत्रक लिहायला बसले. माझे वडील चुडाव्याला मास्तर आहेत. त्यांनी वाचलं, चष्मा काढला.

“भाषा चांगली हाय. मागणी कुठंय?”

“हे काय, सगळं लिहिलंय की.”

“हे त्यांनी काय केलं ते हाय. तुला काय पाहिजे ते न्हाई. तुला संघातली जागा पाहिजे का त्याचं नाक?”

“दोन्ही.”

“आधी काय?”

“नाक,” मी म्हणाले.

ते हसले नाहीत. म्हणाले, “मग पत्रक नको. तोंडानंच कर.”

संघ निघायच्या आधी रेंजवर सत्कार ठेवला होता. शाल, नारळ, फेटे. जिल्ह्याचे एक क्रीडा अधिकारी पाहुणे होते. रीतीप्रमाणे मुली थोडं मारून दाखवणार, म्हणून रायफली ओळीनं मांडल्या होत्या, बाजूला ठेवलेल्या त्या दोन्हीसुद्धा. सेक्रेटरींनी भाषणात शिस्त, संस्कार, परंपरा असे सगळे शब्द वापरले. टाळ्या झाल्या. मी उभी राहिले.

“सर, एक विनंती हाय. माझी रायफल तुमी मारून दाखवा. एक गोळी न्हाई, पूर्ण सिरीज, दहाच्या दहा.”

“आज? आज पाहुणे हायत.”

“म्हणूनच म्हणायले. रायफल रुसती का बोट चुकतं, सगळ्यांना बघू द्या.”

शेडमध्ये कुजबुज झाली. अधिकारी हसून म्हणाले, “मारा की मालक, आमी बी बघतो तुमचा नेम.”

आता नाही म्हणायला जागाच नव्हती. सेक्रेटरींनी फेटा काढून पुतणीच्या हातात दिला आणि ताडपत्रीवर पालथे पडले. मी त्यांना सुरक्षेचा चष्मा घालायला लावला, पंच म्हणून शिकवणारे सर मागं उभे राहिले. एवढी काळजी मी घेतली. ती त्यांच्यासाठी नव्हती. केस फुटून त्यांना इजा झाली असती तर सगळ्यांनी त्यांचीच बाजू घेतली असती.

पहिली गेली. त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. दुसरी गेली.

तिसरीला टिक.

नियम त्यांनाही माहीत होता. नळी बांधाकडं धरून ते थांबले. शाल घेतलेला, पालथा पडलेला माणूस, मागं सगळा गाव, आणि रेंजवर फक्त वारा. ते थांबणं मी अजून पुरवून पुरवून खाते.

“राऊंड खराब हाय,” ते शेवटी म्हणाले.

“बोट अर्ध्यात सोडलं असेल सर.”

कुणीतरी फिसकन हसलं. पुढची अडली, त्याच्या पुढची गेली, मग पुन्हा अडली. तेव्हा माझी मैत्रीण, जिनं स्वतःचं नाव मधी घेऊ नको म्हणून सांगितलं होतं, ती आपणहून पुढं आली. डबीतले उरलेले राऊंड उचलले आणि स्वतःच्या रायफलीतून एकामागं एक मारले. सगळे गेले. मग ती जागेवर जाऊन बसली. तिचं ते हसणं मी तेव्हा माफ करून टाकलं. एवढ्या एकाच माणसाला.

मी माझ्या रायफलीचा बोल्ट काढून वर धरला आणि त्यावरचा नंबर मोठ्यानं वाचला. मग पुतणीला म्हणाले, तुझ्या नळीवरचा वाच. तिनं वाचला. खोटं बोलायची तिची तयारी नव्हती, एवढं श्रेय तिला देते. दोन्ही नंबर एकच.

“पूजेत बोल्ट काढले होते,” मी म्हणाले. “कुणी बसवले ते ज्यांनी बघितलं त्यांना माहीत हाय. मी न्हवते. मी पूर्णेला होते.”

कुणी हसलं नाही.

शिकवणाऱ्या सरांनी तिथंच बोल्ट अदलाबदल करून बसवले. पुतणीनं तिचा बंद करून बघितला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, “काका, लय मोकळा बसायलाय आता. मला वाटायचं माझ्याच हातात जोर न्हाई. तळहातानं ठोकून बंद करायची मी.” मी शिकवून दिलं असतं तरी तिला इतकं चांगलं म्हणता आलं नसतं.

मग मी पडले. माझ्या बोल्टनं, माझ्या नळीतून. एकही अडली नाही. टार्गेट आणून भिंतीला टाचलं तेव्हा अधिकाऱ्यांनी जवळ जाऊन बघितलं.

“मग हिचं नाव?” त्यांनी विचारलं.

“नावं वर गेलीत,” सेक्रेटरी म्हणाले. पुतणीकडून परत घेतलेला फेटा अजून त्यांच्या हातातच होता. “ट्रायलच्या दुसऱ्याच दिवशी पाठवली. आता बदलत न्हाईत. पुढच्या वर्षी बघू.”

“पुढच्या वर्षी माझं वय बसत न्हाई सर.”

“मग आमी काय करावं?”

तेच वाक्य. एवढ्या सगळ्यानंतर तेच.

संघ गेला. मी गेले नाही. पुतणीनं आधीपेक्षा चांगलं मारलं, माझ्यामुळं मोकळ्या झालेल्या बोल्टनं, आणि परत आल्यावर तिचा पुन्हा सत्कार झाला. मी त्याला गेले आणि मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या नाहीत. ज्यांना वाटतं की नाक कापलं की पोट भरतं, त्यांना सांगते, भरत नाही. नावं दुसऱ्याच दिवशी गेली होती, म्हणजे गपचूप सांगितलं असतं तरी जागा मिळाली नसती, हे कळलं तेव्हा एवढंच बरं वाटलं की मी काही सोडून दिलं नव्हतं.

सेक्रेटरी शेडमागं एकदा एकटे भेटले. “झालं का समाधान तुझं?”

“न्हाई.”

“मग अजून काय पाहिजे?”

त्या प्रश्नाचं उत्तर मी पत्रकात लिहिलं. एकाच पानाचं, एकाच मागणीचं: प्रत्येक ट्रायलच्या आधी खेळाडूंचा प्रतिनिधी सगळ्या रायफलींचे आणि बोल्टचे नंबर सर्वांसमोर वाचेल आणि मुख्य पंच प्रत्येक वेळी खात्री करून होकार देतील. स्टेडियमवर वाटलं, कॉलेजात वाटलं, क्रीडा कार्यालयात अर्जाला जोडून दिलं. कुणाचं काही जात नव्हतं, म्हणून मंजूर झालं. प्रतिनिधीसाठी निवडणूक लागली तेव्हा दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. त्यांना वाटलं कंटाळवाणं काम आहे.

आता मी सीनियर गटात मारते, आणि दर ट्रायलला सकाळच्या थंडीत हातात बोल्ट घेऊन ओळीनं जाते. शेडमध्ये तीच माणसं बसलेली असतात. मुख्य पंच अजून तेच आहेत, खुर्ची सोडवत नाही त्यांना. मी नळीचा नंबर वाचते, बोल्टचा वाचते आणि थांबते. त्यांना उभं राहून “बरोबर” म्हणावं लागतं. प्रत्येक रायफलीला एकदा. ते हळू म्हणाले तर मी पुन्हा पहिल्यापासून वाचते.